मागच्या खोलीतली गिटार

पाहुण्या बाईंनी दुलईचे गाठोडे इतक्या अलगद टेबलावर ठेवले की मास्तरांना क्षणभर वाटले, आत तान्हे मूल झोपले आहे. त्यांनी आपली खुर्चीसुद्धा आवाज न करता मागे सरकवली.

दुलई उलगडली. आत एक जुनी गिटार होती. तारा जिथे बांधतात ती काळसर लाकडी घोडी जागेवरून उपटून आली होती आणि तारांच्याच आधाराने लोंबत होती. ती जिथे चिकटलेली असायची तिथे फिक्या लाकडाची खरबरीत जखम उरली होती.

"मला दोन मुलगे आहेत," बाई म्हणाल्या. "धाकटा म्हणतो, हे थोरल्यानं केलं. थोरला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. उद्या सकाळी सुतार येतोय. दुकानाच्या मधोमध भिंत घालणार आहेत. एकदा ती उभी राहिली, ताई, की वर घरापर्यंत चढेल. त्याआधी खरं काय ते मला कळायला हवं."

"आणि खरं काय ते थोरल्याच्याच अंगावर आलं तर?" मास्तरांच्या शेजारी बसलेल्या ताईंनी विचारले.

"तर घालू भिंत. पण खोट्या पायावर नको."

ताईंनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. काम स्वीकारल्याची त्यांची ती खूण होती.

ताईंचे उभे आयुष्य विमा कंपनीसाठी जळालेली गोदामे आणि भिजलेला माल तपासण्यात गेले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावली. मास्तर त्यांचे धाकटे भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून तेही मोकळे झाले होते आणि बहिणीच्या सोबतीला जात असत. त्यांना दिसायचे सगळे, पण दिसलेल्याचे काय करायचे हे ताईंना विचारावे लागे. "याचे डोळे माझ्याहून चांगले आहेत," ताई लोकांना सांगत, "फक्त डोळे आणि डोकं यांच्यात बोलणं बंद आहे."

बाईंनी सांगितलेली हकिकत सरळ होती. दुकान यजमानांनी उभे केलेले. ते गेल्यावर थोरल्याने पुढच्या दालनात नव्या गिटारी मांडल्या आणि धाकटा मागच्या खोलीत जुन्या गिटारी घेऊन, दुरुस्त करून विकू लागला. घर वरच्या मजल्यावर. एका जुन्या भांडणानंतर दोघांनी नियमच केला होता: पुढच्यांनी मागच्या मालाला हात लावायचा नाही, मागच्याने पुढच्या. तो नियम घरातल्या सगळ्यांनी देवघरातल्या सोवळ्यासारखा पाळला.

गिटार मोडली त्या दिवशी दुपारी एक नर्सबाई दुकानात आली. तिला आयुष्यातली पहिली गिटार घ्यायची होती आणि नवी घ्यावी की जुनी, हे ठरत नव्हते. दोघा भावांनी तिच्यासमोरच वाद घातला. धाकट्याने आपली सर्वांत चांगली गिटार तिच्या हातात दिली आणि तिरीमिरीत बोलून गेला, की हीसुद्धा गेली नाही तर मी आपण होऊन ही खोली रिकामी करून देईन. थोरला म्हणाला, या जुन्या लाकडांची एकदा विल्हेवाट लावायलाच हवी. नर्सबाई उद्या कळवते म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने दार उघडले, तर गिटार ही अशी.

"त्यानं एकदाच पाहिली आणि दुलईत गुंडाळून ठेवली," बाई म्हणाल्या. "मेलेल्याचं तोंड पुन्हा पुन्हा बघायचं नसतं, म्हणाला. आज तो सुताराकडे गेला, तेवढ्यात मी ही उचलून आणली."

"त्या संध्याकाळी खाली कोण होतं?"

दुकान झाडून शटर ओढायचे काम सुनेचे, म्हणजे थोरल्याच्या बायकोचे, बाईंनी सांगितले. त्या दिवशी ती जरा उशिरा वर आली. मग सगळे एकत्र जेवायला बसले. जेवताना खालून डब्याचे झाकण पडावे तसा आवाज आला. सून उठून बघून आली. मांजर होती म्हणाली. तिला यायला वेळ लागला, ताट निवून गेले. जेवणानंतर धाकटा फिरायला गेला आणि थोरला रोजच्यासारखा खाली जाऊन बसला.

"एकटाच?"

"एकटाच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुलईची कड उगाच नीट केली.

ताईंनी खिडकीचा पडदा सारला, भिंग काढले आणि मास्तरांच्या हातात दिले. घोडी उलटी कर, म्हणाल्या.

मास्तरांनी पाहिले. घोडीच्या पोटाला फिक्या लाकडाचे तंतू चिकटले होते. गिटारीच्या पुढच्या फळीचा पातळ पापुद्राच घोडीबरोबर निघून आला होता. कडेला पटाशीची किंवा पेचकसाची खूण नव्हती. घोडीला तारांसाठी पाडलेल्या भोकांच्या मागच्या तोंडाशी मात्र बारीक, गोल खळगे दिसत होते. वर, दांडीच्या टोकाला, तारा गुंडाळायच्या खुंट्यांच्या पांढऱ्या रुळांवर केसासारख्या चिरा होत्या.

"जुनी वस्तू आहे," मास्तर म्हणाले. "ओरखडे असणारच."

"आणि तारा?"

तारा नायलॉनच्या होत्या. त्यातल्या जाड तीन वरून चंदेरी तार गुंडाळलेल्या. घोडीला त्या प्रत्येकी दोन गाठी मारून बांधल्या होत्या, पार्सलाचा दोरा बांधावा तशा. गाठीच्या जरा वर मात्र प्रत्येक तारेला वेलीच्या तणाव्यासारखे जुने वेटोळे पडलेले होते. मास्तरांना तो आकार आवडला. त्यांनी तसे सांगितलेही.

"आवडला ना? मग लक्षात ठेव," ताई म्हणाल्या.

दुकानाच्या पुढच्या दालनात नव्या रोगणाचा वास होता. गिटारी रांगेने टांगलेल्या, काहींच्या अंगावर अजून कारखान्याची पारदर्शक कातडी. थोरला टेबलामागे बसला होता. आईने कुणाला बोलावले आहे हे कळल्यावर त्याने उठून खुर्च्या दिल्या, पण बसल्यानंतर त्याचा हात टेबलाच्या खणावरून हलला नाही.

ताईंनी मोडलेल्या गिटारीबद्दल काहीच विचारले नाही. माझ्या या भावाला या वयात गिटार शिकायची झाली तर नवी घ्यावी की जुनी, असे त्यांनी विचारले. मास्तर चमकले. थोरल्याचा चेहरा मात्र पहिल्यांदाच सैल पडला.

नवीच घ्यावी, तो म्हणाला. दांडी सरळ असते, कंपनीची हमी असते, आधी कुणी पाडलेली नसते. "जुनी घेणं म्हणजे भाडेकरूच्या भांडणासकट घर घेणं. भावाला पटत नाही. त्याला वाटतं मी लाकडाला नाही, चकाकीला भुलतो. पण शिकणाऱ्याची बोटं आधीच दुखत असतात हो. वर गिटारीनंही त्रास द्यायचा का?"

विचार प्रामाणिक होता, हे मास्तरांनाही जाणवले. तारा कोण चढवते, असे ताईंनी सहज विचारले. ही, थोरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान आला. माल आला की एका दुपारी सगळ्या गिटारी सज्ज करते. पोलादी तारेच्या टोकाला पितळी मणी असतो. तो भोकात अडकवायचा, वर खुंटी पिळायची, झाले. "माझ्याहून चटकन करते."

तेवढ्यात त्याची बायकोच चहा घेऊन आली. तिच्या तर्जनीच्या टोकाला औषधाची पट्टी होती. ताईंनी विचारायच्या आतच थोरला म्हणाला, "भाजी चिरताना लागलं." ती कपबशा मांडून वर गेली.

मग ताईंनी त्या संध्याकाळचे विचारले.

"मी जेवणानंतर इथंच बसलो होतो. मागं गेलो नाही. पटत नसेल तर नका पटवून घेऊ," तो म्हणाला.

मागच्या खोलीचे जग निराळे होते. सरसाचा वास, भुशाने पांढुरकी झालेली फरशी, भिंतीभर नाना रंगांच्या आणि नाना वयांच्या गिटारी. धाकटा सुताराने आणून टाकलेल्या फळ्या मोजत होता. ताईंचा प्रश्न त्यालाही तोच होता, आणि उत्तर द्यायला तो फळ्या सोडून उठला.

"जुनीच घ्या. जुनं लाकूड आपलं वाकणं वाकून मोकळं झालेलं असतं. जे तडकायचं ते तडकलेलं असतं, जे मी सांधायचं ते सांधलेलं असतं. नवीचं काय होणार हे देवालाही ठाऊक नसतं. लग्नाआधी सगळीच माणसं गोड दिसतात."

"तुमचं लग्न?"

"नाही झालं. म्हणून तर स्पष्ट बोलतो."

ताई हसल्या. मास्तरांनी मात्र आपल्या मनात घोळणारे विचारून टाकले: त्या गिटारीची घोडी तुम्हीच पूर्वी कधी चिकटवली होती का? धाकट्याचे कान लाल झाले. हो, गेल्या उन्हाळ्यात मीच चिकटवली होती, तो म्हणाला, आणि माझा सरस सुटला असता तर मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली असती, भावाचे नाव घेतले नसते. ती गिटार नायलॉनच्या तारांसाठी बांधलेली होती. आतून हलकी, फळी पुठ्ठ्याएवढी. दादाच्या गिटारी सगळ्या पोलादी तारांच्या, त्यांच्या पोटात जाड तुळया असतात, त्या हत्तीने ओढल्या तरी हलत नाहीत. "हलक्या वस्तूला मोडायला काय लागतं? एक झटका."

तार तुम्ही घोडीला कशी बांधता, हे ताईंनी पाहायला मागितले. त्याने दुसरी एक गिटार घेतली. नायलॉनची तार भोकातून ओवली, स्वतःभोवती वळवली, स्वतःच्याच खालून दोनदा काढली आणि टोक मागच्या कडेखाली दाबले. ताण देताच वेटोळे आपोआप आवळले. गाठ अशी कुठे नव्हतीच.

"घरात दुसऱ्या कुणाला येतं हे?"

"दादाकडचं कुणी या खोलीत पाऊल ठेवत नाही. नियम आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "होता."

नर्सबाई रुग्णालयाच्या मागच्या पायऱ्यांवर भेटली. तिची पाळी नुकतीच संपली होती आणि ती बूट काढून बसली होती. गिटार मोडल्याचे दुकानातूनच कळले होते. तेव्हा कुणी माणूस दाखल झाल्यासारखे वाटले, असे ती म्हणाली. खरे तर तिचे त्याच दिवशी ठरले होते. नवीने हात अवघडले, जुनी मांडीवर घेतल्याबरोबर जागेवर बसली. पण दोघे भाऊ असे इरेला पेटले होते की कुणा एकाच्या तोंडावर हो म्हणण्याचा धीर तिला झाला नाही.

"निघताना वहिनींनी पाणी दिलं. त्यांना मात्र सांगितलं, की मन जुनीवरच आलंय. फक्त आवाज जरा दबका वाटतो, नवीसारखा खणखणीत नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"खणखणीत असता तर घेतली असती का, विचारलं. मी म्हटलं, मग विचारच केला नसता." नर्सबाईने बूट पायात घातले. "अशी काहीतरी सबब सांगावी लागते ना माणसाला."

वहिनी वरच्या स्वयंपाकघरात सापडली. ती ओटा पुसत होती आणि बोलताना पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होती. बोटाला काय झाले, या ताईंच्या प्रश्नाला तिने सुई टोचली असे उत्तर दिले. मास्तरांनी बहिणीकडे अर्थपूर्ण नजर टाकली. बहिणीने ती घेतली नाही.

मांजर कशी आत आली, शटर तर तुम्हीच ओढले होते, असे ताईंनी विचारले. मागच्या खिडकीतून असेल, ती म्हणाली. ताई उठल्या. दाराशी गेल्यावर त्यांनी वळून विचारले, की भिंत झालेली तुम्हाला चालेल का.

फडके थांबले.

"मी या घरात आले तेव्हा दोघं एका ताटात जेवायचे," ती म्हणाली. "भावोजींना गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. ते वेगळे झाले तर त्यांचं एक लाकूडही विकलं जायचं नाही. ह्यांनाही ते कळतं. पण बोलणार कोण?"

परतीच्या वाटेवर मास्तरांनी आपला निष्कर्ष मांडला. थोरला दोषी. त्याला कारण होते, संधी होती. बायकोच्या जखमेबद्दल तो खोटे बोलला, आणि बायको त्याला पाठीशी घालते आहे. गिटार हिसकताना तिचेच बोट कापले असेल.

"छान," ताई म्हणाल्या. "मग खाली आवाज झाला तेव्हा तो वर भात कालवत होता, त्याचं काय?"

"आवाज मांजरीचा."

"मांजर कुणी पाहिली?"

बराच वेळ चालल्यावर ताई म्हणाल्या, "आणि त्या माणसानं मला एक गोष्ट विचारलीच नाही. ज्याच्यावर आळ आहे त्यानं सगळ्यात आधी विचारायला हवी ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार फुटपाथवर विडी ओढत थांबला होता. मागच्या खोलीत आई एकुलत्या एका खुर्चीवर बसली होती, थोरला दाराच्या चौकटीत उभा होता, जणू उंबरा ओलांडायला अजूनही परवानगी हवी. त्याच्या मागे त्याची बायको. नर्सबाईला ताईंनीच बोलावून घेतले होते. गिटार दुलईवर मध्ये ठेवली होती आणि धाकटा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

"सुताराला थांबवलंय, परत पाठवलेलं नाही," ताईंनी सुरुवात केली. "भिंत घालायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त गिटार कशी मोडली ते सांगते. कारण ते या घरात मला कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, कुणी मोडली."

त्यांनी घोडी उलटी करून धरली.

"हिच्या पोटाला फळीचं लाकूड चिकटलंय. सरस सुटला असता तर घोडी स्वच्छ निघाली असती. सरस धरून राहिला, लाकूड फाटलं. म्हणजे दुरुस्तीत खोट नव्हती."

धाकट्याने मान वळवली.

"पटाशीची खूण नाही. झटका मारून कुणी उपटली म्हणावं, तर ती निघाली तेव्हा इथं कुणी नव्हतं. तुम्ही सगळे वर जेवत होता आणि झाकण पडल्यासारखा आवाज आला. मांजर कुणी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. मग राहिलं काय? हिला ओढू शकणारी एकच वस्तू तेव्हा हिच्याजवळ होती. तारा."

"नायलॉनच्या तारा ओढून ओढून किती ओढतील?" धाकटा म्हणाला. "वर्षानुवर्षं त्याच तारांवर..." आणि तो थांबला.

"पुढं बोला. या खोलीत माझ्याहून तुम्हाला जास्त कळतं."

ताईच बोलल्या. घोडीच्या भोकांशी गोल खळगे आहेत. नायलॉनच्या तारेला मणी नसतो, पोलादी तारेला असतो. वरच्या रुळांवर केसासारख्या चिरा आहेत. त्या नायलॉन पाडत नाही, ताणलेली बारीक पोलादी तार पाडते. हलक्या तारांसाठी बांधलेल्या या पातळ फळीवर त्या संध्याकाळी कुणीतरी पोलादी तारा चढवल्या. तेवढा ताण ती थोडा वेळ सोसत राहिली, आणि तुम्ही जेवायला बसल्यावर तिचा धीर सुटला.

"पण सकाळी तर नायलॉनच्याच तारा होत्या," आई म्हणाली.

"परत बांधलेल्या होत्या. मास्तर, तुला आवडलेला आकार सांग बघू."

मास्तर दचकले. मग सावकाश म्हणाले, "तारांना तणाव्यासारखं जुनं वेटोळं होतं. ते यांच्या बांधणीचं. पण गाठ त्या जागी नव्हती. ती पार्सलाची होती." आणि बोलता बोलताच त्यांच्या डोळ्यांचे आणि डोक्याचे कित्येक वर्षांचे बंद पडलेले बोलणे सुरू झाले. "म्हणजे ज्यानं परत बांधल्या त्याला यांची बांधणी येत नव्हती!"

"येत नव्हती, कारण कधी पाहिलीच नव्हती. नियम होता ना." ताईंनी चष्मा काढला. "आता असा हात शोधा, जो पोलादी तार सराईतपणे चढवतो, पण नायलॉनची गिटार ज्यानं जन्मात हाताळली नाही. शिकाऊ माणसाला मण्याची तार या घोडीत कशी बसवावी ते सुचलंही नसतं. कुणा जाणकारानं हे केलंच नसतं. ही चूक जगात फक्त या दुकानात होऊ शकते, आणि तीही फक्त पुढच्या दालनात काम करणाऱ्याच्या हातून."

"मी केलं," थोरला दारातून म्हणाला.

"तुम्ही नाही. ज्याच्यावर आळ येतो तो आधी विचारतो, मोडली कशी? तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला कळलेलं होतं. त्या संध्याकाळी खाली बसलात तेव्हा केराच्या टोपलीत काय मिळालं, ते काल तुमचा हात ज्यावरून हलत नव्हता त्या खणातून काढता का?"

थोरला हलला नाही. त्याची बायकोच पुढे गेली, खण उघडून पिवळसर तारांचे भेंडोळे घेऊन आली आणि पहिल्यांदाच त्या खोलीचा उंबरा सगळ्यांसमोर ओलांडून तिने ते दुलईवर ठेवले. टोकांचे पितळी मणी एकमेकांवर खुळखुळले. मग तिने बोटावरची पट्टी काढली. आत तारेच्या टोकाने पडलेले खोल भोक होते.

"ह्या म्हणाल्या, आवाज दबका आहे," ती नर्सबाईकडे न बघता म्हणाली. "मला वाटलं, जुन्या मालाला प्लॅस्टिकच्या स्वस्त तारा लावल्या असतील. आपल्याकडच्या चांगल्या लावू, खणखणीत होईल, भावोजींची गिटार जाईल, खोली राहील. मणी तर भोकात आपसूक बसला. वाटलं, किती सोपं आहे. मग जेवताना आवाज आला. खाली येऊन घाईनं जुन्या तारा परत बांधल्या, पोलादी केरात टाकल्या."

"सांगायचंस ना, वहिनी," धाकटा म्हणाला.

"काय सांगायचं? मी हात लावला म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दादानंच लावायला सांगितला."

धाकट्याने दुलईवरच्या मण्यांकडे पाहिले.

"म्हणालोच असतो," तो म्हणाला.

बाहेर सुताराने विडी विझवल्याचे बुटांच्या आवाजावरून कळले. मग धाकटा भावाकडे वळला. त्याच्या आवाजात अजून थोडी धार होती, ती एका सकाळीत जाण्यासारखी नव्हती. "तू तरी बोलायचंस."

"माझ्याकडे दोनच वाक्यं होती," थोरला म्हणाला. "एकात मी वाईट, दुसऱ्यात ही. तू विचारायला आला नव्हतास, ठरवून आला होतास."

धाकटा दुलईजवळ बसला. त्या दिवसानंतर प्रथमच त्याने गिटार हातात घेतली, दिव्याखाली धरली, फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि आत टकटक करून ऐकले.

"फळी गेलेली नाही. वरचा पापुद्रा आलाय फक्त. बसेल." मग खाली मान घालूनच, "पाहिलं असतं तर मलाच कळलं असतं."

"तुम्ही मढं समजून झाकून ठेवलीत," ताई म्हणाल्या. "ती नुसती आजारी होती."

सुतार दारात येऊन उभा राहिला आणि भिंत कुठून कुठपर्यंत, असे विचारू लागला. सगळ्यांनी आईकडे पाहिले. आईने दोन्ही मुलांकडे पाहिले. दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही, पण फळ्या आत घ्या असेही कुणी म्हणाले नाही.

"आज मापं घेऊ नका," आई सुताराला म्हणाली. "आधी चहा घ्या."

काही आठवड्यांनी मास्तर त्या दुकानावरून जात असताना मुद्दाम आत डोकावले. भिंत नव्हती. फळ्या मागच्या खोलीत एका बाजूला उभ्या होत्या. त्यांचे काय करायचे यावर भावांचा नवा वाद चालू आहे असे आईने आनंदाने सांगितले. आत वहिनी नायलॉनची तार स्वतःभोवती वळवत होती, आणि धाकटा शेजारी उभा राहून, खालून, खालून, वरून नव्हे, असे गोड न बोलता शिकवत होता.

गिटार नर्सबाईने नेली होती. थोरल्याने तिला नव्या गिटारीवर खास सवलत देऊ केली होती, असे कळले. परत जाताना रुग्णालयाच्या पायऱ्यांवर ती मास्तरांना भेटली, तेव्हा त्यांनी न राहवून विचारले, की मोडून सांधलेली का घेतली?

"नवीबद्दल दुकानदार एवढंच सांगतो, की हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "हिला काय झालं, कुणाच्या हातून आणि कशासाठी, ते मला सगळं माहीत आहे. आमच्या धंद्यात पेशंटचा एवढा इतिहास मिळाला तर सोनं."

"आणि आवाज? सुधारला का?"

"दबकाच आहे हो." तिने दमलेले पाय पायरीवर पसरले. "पण दिवसभर वॉर्डातला खणखणाट ऐकून घरी गेलं ना, की तोच हवासा वाटतो. ते मला त्या दिवशीच कळायला हवं होतं."

मास्तरांनी घरी येऊन हे बहिणीला सांगितले. ताई म्हणाल्या, "एका सबबीपायी दुकान दुभंगलं असतं, बघ," आणि चष्मा पुसायला घेतला, जरी त्या वेळी हातात कुठलेच काम नव्हते.